दूध तुटल्यावर

पांढुर्णा, १८ जुलै २०२५

चि. मोनाली,

आशीर्वाद लिहितो आहे. तो घ्यावयाचा की नाही हे तुझ्याकडे.

नोव्हेंबरपासून तू माझा फोन घेत नाहीस, ही वस्तुस्थिती मी स्वीकारली आहे. तिच्याविषयी तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. पत्र सशांविषयी आहे. तू पशुवैद्य आहेस, आणि येथील डॉक्टरांनी स्वतःच सांगितले की गाई-म्हशी आणि शेळ्या यांपलीकडे त्यांचा फारसा अनुभव नाही. तेव्हा जबलपूरला लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसला नाही.

परवा सकाळी कपाशी सशिणीची चार पिल्ले मेलेली आढळली. काल उरलेली दोन गेली. आईपासून वेगळी करून, म्हणजे दूध तोडून, आठवडा झाला असेल. आदल्या संध्याकाळी ती एकमेकांच्या अंगावर चढून खेळत होती. त्यांतले एक जिवंत असताना मला पाहता आले. पाठ कुबडासारखी वर काढून ते कोपऱ्यात बसले होते आणि दात करकर वाजवत होते. पोट ताठ फुगलेले. हातात घेतले तर आतून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला. मागच्या बाजूस शेंबडासारखे चिकट काही लागलेले होते. थोड्याच वेळात त्याने मान टाकली. मोठ्या सशांना काहीही झालेले नाही. ते नेहमीप्रमाणे खात आहेत.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही पहिली वेळ नाही. मार्चमध्ये असेच झाले आणि मे महिन्यातही. दोन्ही वेळा दूध तुटलेली पिल्लेच गेली. हे मी तुला कळवले नाही. आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन निघालीस, तेव्हा माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणालीस की आईचे ससे तरी सांभाळा. त्यामुळे प्रत्येक वेळी मला वाटत राहिले की पुढचे वेत जगेल आणि मग चांगलीच बातमी कळवता येईल.

आता तसे वाटून घेण्यास वाव उरलेला नाही. कपाशीचे वय झाले आहे. तिच्या पोटची एकही मादी शिल्लक राहिलेली नाही. ती आणखी एखादे वेत देईल, फार तर. तेही गेले तर तुझ्या आईने टोपलीत घालून आणलेल्या त्या पांढऱ्या सशिणीचा वंश येथेच संपेल, आणि तू सांगितलेले एकमेव काम माझ्याकडून झाले नाही असे होईल.

तुझ्या काकांचा गौरव सौंसरहून आला होता. रिकामा पिंजरा पाहून म्हणाला, "मोठेबाबा, कायले जीव लावून राहिले? नागपूरचा एक माणूस हाये माह्या ओळखीचा. एकाच खेपेत सगळे नेते."

"नेऊन काय करतो?" मी विचारले.

"आता ते कायले विचाराव," असे म्हणून त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

वत्सला दिवसकार्यासाठी मोहगावहून आली ती अजून माझ्याकडेच आहे; तिकडे तिचे कोणी राहिलेले नाही. माझ्या या बहिणीचे मत तर निराळेच. "दादा, वहिनीच नेऊन राहिली त्याईले. एकटीले करमत नसन तिले." मी तिला म्हणालो की असे बोलू नये. का बोलू नये हे मात्र मला सांगता आले नाही.

शक्य असल्यास उत्तर दे. मला द्यायचे नसेल तर आत्याच्या फोनवर दे.

बाबा

पांढुर्णा, ३ ऑगस्ट २०२५

चि. मोनाली,

तुझा निरोप पोहोचला. आत्याने चष्मा शोधून तो मोठ्याने वाचला: "आत्या, बाबांना सांग, पिल्लांच्या तोंडात जे जे जातं ते सगळं लिहून पाठवा. काहीच सोडू नका." त्यातले "बाबांना सांग" तिने पुन्हा एकदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी वहीचे पान फाडून कामाला लागलो.

सकाळी लसूणघास, ती दिलीपच्या तिगावकडील शेतातून येते. दुपारी तुरीचे कुटार, म्हणजे कोरडा भुसा. संध्याकाळी नागपूरहून आणलेले गोळीखाद्य, मूठभर. मधूनमधून गाजराचा पाला. संत्र्याची साल तुझी आई देत नसे, म्हणून मीही देत नाही. पाणी नळाचे, मातीच्या जड भांड्यात, रोज बदललेले. गेल्या महिन्यात आत्या जामसावळीच्या देवळात गेली होती. तेथून आणलेला शेंदूर तिने पिंजऱ्याच्या चारही खांबांना लावला आहे. पिल्ले लाकूड चाटतात, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. याव्यतिरिक्त काही नाही.

आता कारणांविषयी. तहसील न्यायालयात रीडर म्हणून नोंदी लिहून घेताना दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकण्यात माझे आयुष्य गेले. परंतु येथे प्रत्येक साक्षीदार एकदा खरा वाटतो आणि लगेच खोटा ठरतो. मार्चमध्ये मी उन्हाला दोष दिला. पिंजऱ्यावर ओले पोते टाकले, मृत्यू थांबले. मला वाटले, सापडले. मे महिन्यात पोते ओले असतानाच पिल्ले गेली. तेव्हा मी गोळीखाद्य बदलले. पुन्हा सर्व शांत. जुलैत ऊन नव्हते आणि खाद्यही नवे होते. मग मला दिलीपच्या शेतातील कपाशीच्या पिकावरील फवारणीचा संशय आला. मी त्याच्याकडे गेलो.

"काका," तो म्हणाला, "मार्चमधी कोणता बावळट कपाशीवर फवारा मारन? तवा तं वावरात पऱ्हाट्या बी नोहत्या."

हे खरे आहे. शिवाय तेच गवत मोठे ससे खातात. तेव्हा गवत निर्दोष मानावे लागते. मग दोषी कोण, हे मला समजत नाही. मृत्यू येतात आणि मी काहीतरी बदलतो. मग ते थांबतात. पण मी बदलल्यामुळे थांबतात की आपोआप, हेही कळत नाही.

पिल्ले मेली त्या सकाळचेही तू विचारले आहेस. विशेष असे काही घडले नव्हते. आदल्या दिवसाचे उरलेले वडे खाऊन मी पिंजऱ्याकडे गेलो. वडे शिळे झाले होते, एवढेच आठवते. माणसाला नको ते आठवते.

काल कपाशीला नराकडे सोडले. तिने फार वेळ त्याला जवळ येऊ दिले नाही, नंतर येऊ दिले. तुझी आई अशा वेळी परसातून मला हाकलून देत असे. मी या वेळी आपणहून आत गेलो.

बाबा

पांढुर्णा, २७ ऑगस्ट २०२५

चि. मोनाली,

तू सांगितल्याप्रमाणे यापुढे पिल्लांना हलवणार नाही. दूध तोडताना आईलाच दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊ. कोरडे गवत दिवसभर त्यांच्यापुढे राहील. येथील डॉक्टरांनी पाण्यात घालावयाचे औषध दिले आहे, आतड्यातील सूक्ष्म जंतूंसाठी. ते म्हणाले, "देऊन पाहा." आत्या त्यावर म्हणाली, "पायनंच तं चालू हाये सहा महिन्यापासून."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावांची दगडफेक कशी चालते ते तुला सांगावयास नको. ढोल-ताशांच्या आवाजाने ससे दगावतात असे मी वाचले, म्हणून दिवसभर परसाच्या दारात उभा राहिलो. त्याने आवाज कसा अडणार होता हे मला सांगता येणार नाही. ससे कान मागे टाकून बसून राहिले. एकही दगावला नाही. सायंकाळी शेजारचे गुणवंताजी डोक्याला पट्टी बांधून आले. मी त्यांना विचारले की फार लागले काय. ते म्हणाले, "मले लागलं ते सोडा. तुमी दिवसभर दारात उभे होते मने. कोणाची वाट पाहून राहिले होते?" मी म्हणालो की सशांसाठी उभा होतो. त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही.

कपाशी छातीचे केस उपटून खोक्यात बिछाना करू लागली आहे. म्हणजे आठवड्याभरात विणार. पावसाचा जोर आहे. तुझ्या आईची चप्पल पिंजऱ्याजवळच असते. ती भिजू नये म्हणून मी उचलून ओट्यावर ठेवतो आणि उघडीप झाली की परत जागेवर नेतो. आत्याने हे पाहिले आहे.

मला एक विचारायचे आहे. दूध चालू असताना ही पिल्ले कधीच मरत नाहीत. दूध तुटल्यावरच मरतात. आईच्या दुधात असे काय असते, जे नंतर आपल्याला कशानेही देता येत नाही?

बाबा

पांढुर्णा, १४ सप्टेंबर २०२५

चि. मोनाली,

कपाशी व्याली. सात पिल्ले आहेत, पैकी एक फारच लहान. काल त्यांचे डोळे उघडले. हे तिचे शेवटचे वेत, असे डॉक्टरांनीही तिला हाताळून सांगितले. गौरवला मी नागपूरच्या त्या माणसाविषयी दिवाळीपर्यंत थांबण्यास सांगितले आहे. ही पिल्ले दूध तुटून जगली तर ससे राहतील. न जगली तर मी त्याला अडवणार नाही.

पितृपक्ष चालू आहे. वद्य पंचमीला, म्हणजे तिच्या तिथीला, आत्याने तुझ्या आईच्या नावाने पान वाढले. या वेळी पिल्ले अजून दुधावरच होती, म्हणून ते कपाशीपुढे ठेवले. तिने खीर संपवली आणि वड्याचा तुकडा खोक्यात ओढून नेला. आत्याला फार बरे वाटले.

तुला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. तू तेव्हा येथे नव्हतीस. दहाव्या दिवशी नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. आम्ही बराच वेळ थांबलो. अग्नी गौरवने दिलेला असल्यामुळे हात जोडून तोच बोलला. घर सांभाळतो, मोठी आई. कावळे पिंपळावर बसून राहिले. मोठेबाबांना सांभाळतो. ससे सांभाळतो. काही उपयोग झाला नाही. मग जमलेल्यांपैकी काहींनी माझ्याकडे पाहिले. कोणाचे नाव घ्यावयास हवे होते, ते बहुधा सर्वांनाच कळले होते. मी काही बोललो नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला.

त्यानंतर दर महिन्याच्या तिथीला आत्या पान वाढून परसातील ओट्यावर ठेवू लागली. त्या पानाकडेही कावळा फिरकला नाही. माघ महिन्यात मात्र एक ससा पिंजऱ्यातून सुटला, ओट्यावर चढला आणि पानातली पोळी खाऊ लागला. आत्या पदर तोंडाशी धरून म्हणाली, "पाय दादा, घेतलं वहिनीनं. कावळा कायले पायजे तिले? तिचे ससे हायेत न." मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुला माहीत आहे. तरी तुझी आई गेल्यानंतर मी प्रथम पोटभर जेवलो तो तोच दिवस.

तेव्हापासून पान पिंजऱ्यातच जाते. आत्याचा दंडक असा की लेकरांना आधी. लहान पिल्लांच्या पिंजऱ्यात पूर्ण पान ठेवायचे. उरले तर मोठ्यांना. फार उरत नाही.

हे सारे तुला का लिहिले ते सांगता येत नाही. सशांच्या आजाराशी याचा संबंध नाही. आईचे नीट चालले आहे एवढे तुला कळावे, असे वाटले असावे.

बाबा

पांढुर्णा, ९ ऑक्टोबर २०२५

चि. मोनाली,

पिल्लांचे दूध कोजागिरीच्या दिवशी तोडले. कपाशीला बाजूला नेले, पिल्ले जागेवर आहेत. सातही जिवंत आहेत.

तुझा निरोप आज दुपारी आला. आम्ही जेवायला बसलो होतो. आत्याने उष्ट्या हाताने फोन धरला आणि वाचू लागली: "आत्या, ते पान मार्च, मे आणि जुलैमध्येपण ठेवलं होतं का? लहान पिल्लांनाच? बाबांना विचार, यादीत का नाही लिहिलं." पुढचे तिने मनात वाचले.

"मोठ्याने वाच," मी म्हणालो.

"काही नाई. ते तिचं डॉक्टरीचं हाये."

"वत्सला."

तिने वाचले. दूध नुकते तुटलेल्या पिल्लाच्या पोटाला भात, पोळी, खीर, उडीद हे सोसत नाही. ते आत सडते, पोट फुगते आणि एक-दोन दिवसांत पिल्लू जाते. मोठ्या सशाचे बहुधा निभावते. असे तू लिहिले होतेस.

आत्याने हातातला फोन ताटाजवळ ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे मी मारले का?"

"तसे कोणी म्हटलेले नाही."

"लेकराईले आधी, लेकराईले आधी म्हनून मीच ठेवत होती न. माह्याच हातानं. मंग कोनं मारले?"

"पान ठेवायला मी कधी विरोध केला नव्हता."

"तू त कशालेच विरोध नाई करत दादा. तेच त तुयं हाये." ती उठून मोरीवर गेली आणि तेथेच उभी राहिली.

यादीत का लिहिले नाही, या तुझ्या प्रश्नावर मी सायंकाळपर्यंत विचार करत होतो. मी शेंदूर लिहिला. भांड्याची माती लिहिली. पान लिहिले नाही. लपवण्याचा हेतू नव्हता. असता तर मागच्या पत्रात एवढ्या विस्ताराने का लिहिले असते? मला वाटते, तू पिल्लांच्या तोंडात काय जाते ते विचारलेस आणि मी त्याचे उत्तर दिले. पान पिल्लांच्या तोंडात जाते असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते. ते तुझ्या आईला जात होते.

मार्च, मे, जुलै. प्रत्येक वेळी पिल्ले मेलेली आढळली त्या सकाळी मी घरात शिळे वडे पाहिले होते. ते कोणत्या दिवसाचे वडे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझ्यासमोर एखाद्या साक्षीदाराने असे उत्तर दिले असते तर मी लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहिले असते.

तरीही पूर्ण खात्री होत नाही. कपाशीने तेच पान खाल्ले आणि ती धडधाकट आहे. तू मोठ्यांचे निभावते म्हणतेस. ते खरे असेल. पण मग मी पोते ओले केले, खाद्य बदलले, औषध दिले, त्याचे काय? ते सारेच निरर्थक होते काय? आणि आत्याने समाधानाने पाहिले, मी पोटभर जेवलो, ते कशावर? मला यातले काहीच नीट लावता येत नाही.

परवा वद्य पंचमी आहे. आत्याने उडीद भिजवावयाचे म्हणून काढून ठेवले आहेत.

बाबा

पांढुर्णा, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मोनाली,

मागच्या पत्राची तू वाट पाहिली नाहीस, आत्याने फोनवरच तुला सर्व सांगितले, हे कळले. "पान ठेवू नका. शंभर टक्के खात्री नाही, पण ठेवू नका," हा तुझा निरोपही तिने मला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने खिरीसाठी दूध आटवावयास ठेवले.

काल तिने सर्व केले. वडे, खीर, भात, वरण, पोळी, भोपळ्याची भाजी. पान वाढले, पाणी फिरवले आणि ते दोन्ही हातांवर घेऊन परसात आली. मी पिंजऱ्यासमोर उभा होतो.

"सरक दादा."

"यांना द्यायचे नाही."

"तिच्या लेकीनं म्हतलं म्हनून?"

"हो."

"लेक जबलपुरात हाये. वहिनी इथं हाये," आत्या म्हणाली. "साल पुरं व्हाले महिना राह्यला. आता उपाशी ठेवतं तिले?"

"मोठ्या सशांना दे मग."

"लेकरं समोर असताना? तिनं कधी ठेवलं होतं का असं? पाव्हण्याच्या लेकराईलेबी आधी वाढे ते."

ती खरे बोलत होती. ओट्यावर ठेवावे तर कावळा येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मागे पिल्लांना वडा तळल्याचा वास आला असावा. ती सातही जाळीशी येऊन मागच्या पायांवर उभी राहिली होती. आत्याच्या हातांवरचे पान कलले होते आणि खीर त्यावरून ओघळू लागली होती.

"मंग कुठं जेवाव तिनं?" तिने विचारले.

मी पान तिच्या हातातून घेतले. ओट्यावर बसलो आणि जेवू लागलो.

आत्या म्हणाली, "ते तुयं नोहे." मी जेवत राहिलो. "दादा, ते तिचं पान हाये. कर्त्यानं ते खात नाई."

"कर्ता गौरव आहे," मी म्हणालो. "मी कोणी नाही."

लग्न झाल्यापासून पुढे कितीतरी वर्षे तुझी आई माझे जेवण झाल्यावर माझ्याच ताटात वाढून घेत असे. आपल्याकडे तशी रीत होती आणि मला त्यात वावगे काही दिसले नव्हते. तू चौथीत असताना एकदा तिला विचारले होतेस की तुला तुझे ताट का नाही. त्यानंतर तिने वेगळे ताट घेतले. तिच्या पानावर मी आयुष्यात प्रथमच बसलो. वडा पाण्याबरोबर खाल्ला. आत्या शेजारी येऊन बसली. पिल्ले जाळीशी बराच वेळ उभी होती, मग गवताकडे गेली. आत्याने मध्येच विचारले, "खीर गोड झाली का?" मी म्हणालो की थोडी कमी आहे. ती म्हणाली, "वहिनीले कमीच लागे."

पान मी संपवले. हे बरोबर झाले की चूक, मला ठाऊक नाही. गुरुजींना विचारलेले नाही.

आज सकाळी सातही पिल्ले खात होती. अर्थात एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही.

बाबा

पांढुर्णा, २४ ऑक्टोबर २०२५

चि. मोनाली,

दिवाळीत आपल्याकडे दिवे लावले नाहीत. गौरवच्या बायकोने फराळ पाठवला. तो आत्याने गुणवंताजींच्या घरी दिला.

सहा पिल्ले जिवंत आहेत. सातवे, ते लहानसे, परवा गेले. त्याचे पोट फुगलेले नव्हते, दातही वाजत नव्हते. ते नुसते झोपल्यासारखे पडले होते. त्याने गवत आणि कुटार यांशिवाय काहीही खाल्लेले नव्हते. आत्याच्या फोनवरून त्याचे छायाचित्र तुला पाठवले. त्यावर तुझे उत्तर आले की इतक्या लहान पिल्लाचे सांगता येत नाही. खरे सांगायचे तर तू "सांगता येत नाही" असे लिहिलेस हे वाचून मला थोडे हलके वाटले. आतापर्यंत या घरात ते मी एकटाच म्हणत होतो.

बाकी सहांचा दूध तुटल्यानंतरचा वाईट काळ सरला असे तू म्हणतेस. त्यांत चार माद्या आहेत. गौरव काल आला. नागपूरचा माणूस गाडी घेऊन येण्यास तयार आहे म्हणाला. मी गौरवला सांगितले की त्या माणसाला नाही म्हणून कळव. तो हसला. "मंग आता हे किती करता, मोठेबाबा? शंभर होतीन."

"होऊ देत," आत्या आतून म्हणाली.

त्यानंतर मी गौरवशी दुसऱ्या विषयावर बोललो. कार्तिक वद्य पंचमीला वर्षश्राद्ध आहे. अग्नी त्याने दिला असल्यामुळे विधीलाही तोच बसणार, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. त्याने सौंसरच्या दुकानाची सुट्टीही ठरवली होती. मी त्याला म्हणालो की तू ये, जेव, पण विधीला बसू नको. त्याने कारण विचारले. मी दिले नाही. तो रागावून गेला आणि त्याचा राग रास्त आहे. त्याने वर्षभर जे जे सांगितले ते केले.

गुरुजींकडे आज जाऊन आलो. ते म्हणाले, "दादाराव, बसणार कोण?" मी म्हणालो, मुलगी. त्यांनी पंचांग उघडले. मग म्हणाले, "अग्नीच्या वेळी तुम्हीच मले म्हणाले होते का मुलगी नको." मी म्हणालो, होय, मीच म्हणालो होतो. त्यांनी विचारले की ती येऊन राहिली का. मी म्हणालो, मला माहीत नाही.

ते मला खरोखरच माहीत नाही, आणि या पत्रात मी तुला ये असे लिहीत नाही. तसे लिहिण्याचा अधिकार मी गेल्या नोव्हेंबरात वापरून संपवला. जबलपूरहून इटारसीमार्गे गाड्या आहेत, त्यांच्या वेळा तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. मी फक्त व्यवस्था काय केली आहे तेवढे कळवतो. पाट मांडलेला असेल. तू आलीस तर त्यावर तू बसशील. तू आली नाहीस तर गौरव बसणार नाही आणि मीही बसणार नाही. गुरुजींना दक्षिणा देऊन, विधी न करता परत पाठवीन. हे मी त्यांना आजच सांगून ठेवले आहे.

ते म्हणाले, "लोक काय म्हणतीन, दादाराव?"

मी त्यांना म्हणालो की मुलीला अग्नी देऊ दिला नाही तेव्हा हेच वाक्य मी वापरले होते, म्हणून आता ते पुन्हा वापरता येत नाही.

बाबा